मासा, परशू आणि चक्र

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून सभोवार पाहिले, तर नाना प्रकारचे आकार दृष्टीस पडतात. मावळत्या सूर्याचे बिंब वर्तुळाकार असते. कौलारू घराचे छप्पर बाजूने पाहिल्यास त्रिकोणी दिसते. दोन्ही टोकांना निमुळती असलेली होडी वरून पाहिली, तर दोन वर्तुळे एकमेकांवर सरकवून मध्ये जो सामाईक भाग राहतो, त्याची आठवण होते. निसर्गातील आणि माणसाने घडविलेल्या वस्तूंतील पुष्कळ अवघड आकार अशा रीतीने थोड्या साध्या आकारांच्या मेळातून उलगडता येतात. ही गोष्ट चित्रकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आज संगणकावर चित्र काढणाराही तिचाच आधार घेतो.

या विद्येचा एक सुंदर नमुना सिंधुदुर्ग जिल्ह्यातच आहे. सावंतवाडी हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते गंजिफांसाठीही प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे खेळण्याचे हाताने रंगविलेले गोल पत्ते. हा खेळ भारतात जुना आहे. बाबर बादशहाने 1527 साली सिंध प्रांतातील आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. पुढे आपल्याकडे या खेळाने दशावतारांचे रूप घेतले. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने, अशी 12 पाने असतात. म्हणजे संपूर्ण संचात 120 पाने होतात. प्रत्येक अवताराची एक खूण ठरलेली असते. मत्स्यावताराची खूण मासा, नरसिंहाची चक्र, परशुरामाची परशू. काही खुणांच्या बाबतीत प्रदेशपरत्वे भेद आढळतो.

आता थोडा हिशेब करून पाहावा. एका रंगाच्या दहा पानांवर एकापासून दहापर्यंत खुणा असतात. त्यांची बेरीज 55 होते. दहा रंगांच्या मिळून 550 खुणा झाल्या! एवढ्या खुणा चितारी केवळ कुंचल्याने रेखाटतो. एक्क्यावर एकच मासा असल्यामुळे तो ऐसपैस काढता येतो. दश्शावर मात्र तेवढ्याच गोल जागेत दहा मासे बसवावे लागतात. म्हणून मासा लहान होतो. परंतु तो मासाच दिसला पाहिजे. आकार लहान करताना त्याचे रूप बिघडू न देणे, हीच या कामातील खरी कसोटी होय.

संगणकावर चित्र साठविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट जाळी असते. छायाचित्रे याच रीतीने साठवितात. असे चित्र फार मोठे केले, तर ठिपके उघडे पडतात आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. दुसऱ्या रीतीत संगणक ठिपके साठवीत नाही, तर आकृतीचे वर्णन साठवितो. वर्तुळाचा केंद्रबिंदू कोठे आहे, त्रिज्या किती आहे आणि रंग कोणता आहे, एवढे कळले की वर्तुळ हव्या त्या मापाचे काढता येते. वाकड्या रेषांचेही असेच गणिती वर्णन करता येते. मोटारींच्या वळणदार बाह्य भागांचे आराखडे करण्यासाठी पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याने 1960 नंतरच्या दशकात ज्या वक्ररेषांचा उपयोग रूढ केला, त्या आज त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. या दुसऱ्या रीतीच्या चित्रांना सदिश चित्रे म्हणतात. सदिश मासा एक्क्यावर मोठा काढला काय किंवा दश्शावर लहान काढला काय, त्याच्या कडा सारख्याच रेखीव राहतात. अशी चित्रे काढण्यासाठी अनेक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्यांपैकी इंकस्केप ही 2003 साली सुरू झालेली आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता येते.

या आज्ञावल्यांत दोन आकारांचा मेळ घालण्याच्या चार मुख्य क्रिया असतात. दोन आकार जोडून एक करणे हा संयोग. एका आकारातून दुसऱ्याने व्यापलेला भाग कापून टाकणे ही वजाबाकी. दोहोंचा सामाईक भाग तेवढा ठेवणे हा छेद. सामाईक भाग वगळून बाकीचे सारे ठेवणे ही वगळणी. या क्रियांना जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या नावावरून बूलीय क्रिया म्हणतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या साध्या शब्दांनी चालणारा मनुष्याचा विचार गणिताच्या भाषेत मांडता येतो, असे बूलने 1854 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले. तेव्हा संगणकाचा मागमूसही नव्हता. तथापि त्याच विचारांवर पुढे संगणकाची उभारणी झाली.

प्रथम मासा काढून पाहू. दोन सारखी वर्तुळे एकाखाली एक अशी ठेवावीत की, ती काही अंशी एकमेकांवर येतील. त्यांचा छेद घेतला की, दोन्ही टोकांना निमुळता असा आडवा आकार उरतो. हे माशाचे अंग झाले. वर्तुळांची केंद्रे जवळ आणली तर मासा लठ्ठ होतो. दूर नेली तर तो सडपातळ होतो. एका टोकावर त्रिकोणाचे टोक किंचित चढवून संयोग केला की शेपूट तयार होते. शेवटी एक लहान वर्तुळ ठेवून वजाबाकी केली की डोळा उघडतो.

परशूसाठी एका वर्तुळावर तेवढेच दुसरे वर्तुळ थोडे बाजूला सरकवून ठेवावे आणि खालच्यातून वरचे वजा करावे. चंद्रकोरीसारखे पाते मिळते. कोरीच्या पोकळ बाजूने एक लांब, अरुंद आयत आणून जोडला की दांडा झाला. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. दांडा आधी जोडून वजाबाकी मागाहून केली, तर पात्याबरोबर दांडाही कापला जातो आणि परशू मोडतो! आठातून तीन वजा करणे आणि तिनातून आठ वजा करणे या जशा भिन्न गोष्टी आहेत, तसेच येथेही आहे. संयोगात मात्र कोणता आकार आधी घेतला याने बाह्यरेषेत फरक पडत नाही.

चक्रासाठी मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करून कडे करावे. मग दोन अरुंद आयत एकमेकांना काटकोनात छेदतील असे ठेवावेत. त्यांचा संयोग केला तर चार भरीव आरे मिळतात. संयोगाऐवजी वगळणी केली तर जेथे ते एकमेकांवर येतात तेथे चौकोनी भोक पडते. आकार तेच, जागाही तीच. केवळ क्रिया बदलली की चित्र बदलते.

एकदा काढलेल्या सदिश माशाच्या 55 प्रती संगणक क्षणार्धात देतो. मग चितारी कशाला हवा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. छापील पत्ते स्वस्त मिळू लागले तेव्हा हाच प्रश्न लोकांनी वेगळ्या रीतीने सोडविला होता. त्यांनी गंजिफा घेणेच सोडून दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीत ही कला जाणणारे फारच थोडे उरले होते. तेव्हा तेथील राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. राणीसाहेब स्वतः ही कला शिकल्या. जुन्या जाणत्याकडून नव्या हातांकडे ती पोहोचली, म्हणून सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगविल्या जातात.

संगणकाच्या 55 प्रती तंतोतंत सारख्या असतात. चितारी मात्र काढताना जागा पाहतो, शेजारचा मासा पाहतो आणि त्याप्रमाणे आपल्या माशाची शेपूट किंचित वळवितो. हे वळण कोणत्याही आज्ञावलीने आपण होऊन सुचविलेले नसते. संगणक अचूक कापतो आणि अचूक जोडतो. परंतु काय कापावे, काय ठेवावे आणि केव्हा थांबावे, हे पाहणाऱ्या डोळ्यालाच ठरवावे लागते. ज्याने कुंचल्याने एक मासा मन लावून रेखाटला आहे, त्याला दोन वर्तुळांतला मासा लवकर सापडतो.

स्वाध्याय

1. दशावतारी गंजिफांच्या संचात 120 पाने कशी होतात, ते हिशेबाने दाखवा.
2. ठिपक्यांचे चित्र आणि सदिश चित्र यांतील फरक सांगा.
3. परशू काढताना क्रम चुकला तर काय होते? का?
4. कमळाची पाकळी कोणत्या आकारांतून आणि कोणत्या क्रियेने मिळेल, ते कंपासने वहीत काढून दाखवा.
5. आपल्या परिसरातील एखादी हस्तकला पाहा आणि तिच्यातील साधे आकार शोधून त्यांविषयी दहा ओळी लिहा.