एक आडनाव, अनेक वाटा

मुलांनो, पुण्यात कर्वे रस्ता आहे, कर्वेनगरही आहे. हे कर्वे कोण, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुढे तो जवळच्या हिंगणे गावी नेला. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी लोकनिंदा सोसली. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असता, त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला.

पण कर्वे काही एकच नव्हेत. नाशिकचे क्रांतिकारक कृष्णाजी गोपाळ कर्वे १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. चिंतामण गणेश कर्वे यांनी यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासह महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादन केले. इरावतीबाई माहेरच्या करमरकर. विवाहाने त्या महर्षींच्या सूनबाई, म्हणून कर्वे झाल्या. त्यांच्या महाभारतावरील ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आडनाव एकच, पण कोणी आश्रम उभारला, कोणी प्राण अर्पिले, कोणी शब्द वेचले, कोणी ग्रंथ लिहिला. माणसास आडनाव जन्माने वा विवाहाने मिळते. त्यासाठी श्रम पडत नाहीत. हिंगण्याच्या परिसरास मात्र कर्वेनगर हे नाव लाभले, ते महर्षींच्या कष्टांमुळे.

म्हणून पाटीवरचे नुसते आडनाव वाचून पुढे जाऊ नका. ते कोणाचे, आणि त्याने काय केले, हे अवश्य विचारा.