देवाकडे न्याय मागताना

पोरांनो, वाटणीची बोलणी फिसकटली की घरोघरी देवाला मध्ये आणतात. कुणी गंगेवर शपथ घ्यायला बोलावतं, कुणी गडावर सप्तशृंगीला साकडं घालतं, कुणी चंदनपुरीच्या खंडोबाचा बेल-भंडारा उचलायला लावतं. देवाकडे जरूर जा. पण कसं जायचं, ते आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलंय.

मागणं तपासून मागा. ‘भावाचं वाटोळं होऊ दे’ म्हणत देवळाची पायरी चढू नका. ‘त्याचं काही माझ्याकडे राहिलं असेल तर मला दिसू दे,’ एवढंच मागा. काळारामापुढे उभे राहाल तेव्हा आठवा, पंचवटीत येण्याआधी चित्रकूटावर राम आणि भरत ‘राज्य तू घे’ म्हणून एकमेकांना विनवत होते.

शपथ कुणावर लादू नका. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात साक्षी-पुरावा जुळला नाही की दिव्य करावं लागे, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. इंग्रजांच्या 1873 च्या शपथ कायद्यातही, दोन्ही बाजू कबूल असतील तर समोरच्याच्या देवाशपथेवर दाव्याचा मुद्दा सोडता येई. 1969 च्या कायद्याने ती सोय काढली, हे चांगलंच झालं. पापभीरू माणूस खरा असूनही शपथेला बिचकतो आणि निर्ढावलेला बेधडक भंडारा उचलतो.

बसण्याआधी कागद गोळा करा. सातबारा, फेरफार, जुनं वाटणीपत्र, सोसायटीचं कर्ज, सगळं सगळ्यांसमोर ठेवा. एक जरी कागद दडवलात, तर देवापुढे हात जोडून उपयोग नाही.

लेकींना बोलावल्याशिवाय बैठक धरू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे, तिचं लग्न झालेलं असलं तरीही. भाऊबीजेची साडी हातात ठेवून हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊ नका.

देवांचंही ठरवा. टाक कुणाच्या देव्हाऱ्यात राहतील, नवरात्राचे घट कुठे बसतील, कुळाचाराचा खर्च कोण किती देईल, हे त्याच बैठकीत लिहून काढा. शेत वाटून झालं तरी सणाला सगळ्यांनी एकत्र यायचं असतं.

मिटलं की त्याच आठवड्यात पक्कं करा. वाटणीपत्राची नोंदणी करा, फेरफार घालून घ्या. दावा कोर्टात गेला असेल तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

आणि एवढं करूनही मन खातच असेल, तर भावाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या ताब्यात असलेलं त्याचं त्याला देऊन या. मग देवापुढे न्याय मागा.