ऐकू येणे आणि समजणे

मुलांनो, कानामागे लहानसे यंत्र लावलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. या यंत्राला मराठीत श्रवणयंत्र म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'आला-ए-समाअत' म्हणतो.

"यंत्र लावले आहे ना? मग ऐकू का येत नाही?" असे लोक चटकन विचारतात. वर्गातला एखादा मुलगा असे बोलणे रोज ऐकतो आणि गप्प बसतो. खरे तर त्याचा काही दोष नसतो.

चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसते. श्रवणयंत्राचे तसे नाही. त्यातला छोटा मायक्रोफोन आजूबाजूचे आवाज टिपतो. यंत्र ते आवाज मोठे करून कानात सोडते. पण शिक्षकांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाकांचा खडखडाट आणि शेजारच्या वर्गातला गलकाही मोठा होतो. नवी यंत्रे गोंगाट थोडा कमी करतात, पूर्ण नाही. शिवाय शिक्षक फळ्याजवळ असतात आणि मुलगा दूर बसलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून त्या मुलाला आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाहीत.

मग मायक्रोफोनच बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ नेला तर? एफ.एम. यंत्रणेत हेच करतात. शिक्षक कपड्यांना लहान मायक्रोफोन लावतात. त्यांचा आवाज रेडिओ लहरींवरून थेट मुलाच्या श्रवणयंत्रात जातो. शिक्षक जणू कानाशीच बोलत आहेत असे त्याला वाटते.

दुसरी युक्ती तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवले. सभागृहाच्या कडेने एक तार फिरवतात आणि वक्त्याच्या मायक्रोफोनचा विद्युतप्रवाह तिच्यातून सोडतात. अनेक श्रवणयंत्रांत तारेचे बारीक वेटोळे असते. ते हे क्षेत्र पकडते आणि त्यापासून पुन्हा आवाज तयार होतो. त्या वेळी यंत्राचा स्वतःचा मायक्रोफोन बंद ठेवता येतो, त्यामुळे पंख्याची घरघर मध्ये येत नाही. किती साधी गोष्ट! ब्रिटनमध्ये अनेक चर्च आणि नाट्यगृहांत ही सोय आहे. तेथे कानाचे चित्र आणि 'टी' हे अक्षर असलेली पाटी दिसते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. तेथे कानांची तपासणी होते आणि योग्य यंत्र कोणते, हे सांगितले जाते.

तुमच्या वर्गात एफ.एम. यंत्रणा आली, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मायक्रोफोन शिक्षकांजवळ असतो. मागच्या बाकावरून तुम्ही दिलेले उत्तर त्यात नीट जात नाही. तेव्हा उत्तर देण्याआधी मायक्रोफोन मागून घ्या, नाहीतर शिक्षकांना तुमचे उत्तर पुन्हा सांगायला सांगा.