मोजपट्टी घेऊन मुली दारात आल्या तर

सकाळची वेळ. पांढरे कोट घातलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तीन-चार मुली गल्लीत येतात. हातात वही आणि रंगीत पट्टी. "मावशी, बाळाचा दंड मोजू का?" घरात भांडी पडलेली असतात, कामावर जायची घाई असते. मनात येतं, याने आमचं काय होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण नीट समजून घेऊ.

या आहारशास्त्र, पोषण, गृहविज्ञान या विषयांच्या पदवीच्या विद्यार्थिनी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजातल्या कामालाही जागा मिळाली आहे. त्या डॉक्टर नाहीत, शिकत आहेत. म्हणून त्यांच्यासोबत शिक्षिका असायला हव्यात. त्या का हव्यात, ते एका प्रसंगावरून सांगतो.

चार मिलिमीटरची गोष्ट

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर मोजतात. डावा हात सैल सोडायचा. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पट्टी लावायची, ना घट्ट ना ढिली. 12.5 सेंटीमीटर किंवा जास्त भरला तर पट्टीवर हिरवा रंग. 11.5 ते 12.5 च्या मध्ये पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण. 11.5 पेक्षा कमी तो लाल, म्हणजे तीव्र कुपोषण.

एका वस्तीत आम्ही अशा मुलींसोबत फिरलो. दीड वर्षाच्या एका बाळाचा दंडघेर विद्यार्थिनीने 11.7 लिहिला. बाळ रडत होतं, हात आखडलेला, स्वेटरची बाही वर सारलेली. बाईंनी बाळाला आईच्या मांडीवर बसवलं, स्वेटर काढायला लावला आणि पुन्हा मोजलं. 11.3 भरला. पिवळ्याचा लाल झाला. बाई रागावल्या नाहीत, पण चुकीचा आकडा वहीत राहू दिला नाही. लगेच अंगणवाडीताईंना बोलावलं. बाई सोबत नसत्या तर ते बाळ पिवळ्यातच राहिलं असतं.

एक खूण घरीही बघा. बाळाच्या दोन्ही पायांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर पट्टी हिरवी असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काल काय खाल्लं?

मुली दुसरी गोष्ट विचारतात ती कालच्या जेवणाची. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय आणि किती वाट्या. इथे आपली जीभ अडखळते. चहा-पाव आणि चटणी-भाकरीवर दिवस काढलेला असतो, आणि आपण सांगतो वरण, भात, भाजी, दूध. मग वहीत आपली वस्ती पोटभर जेवलेली दिसते, आणि मुलांचं वजन का वाढत नाही हे कोणालाच कळत नाही.

सुकट, बोंबील, वजरी, कलेजी खाल्ली तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यात लाज कसली? कलेजीत भरपूर लोह असतं, सुकटीत प्रथिनं आणि कॅल्शियम. एखाद्या विद्यार्थिनीने हे पदार्थ घरी कधी पाहिलेही नसतील. तिला ते आपल्याच चुलीपाशी कळतील. "दूध पितो ना?" असं विचारून हो वदवून घेऊ नये, "त्यानंतर काय खाल्लं?" असं विचारावं, हेही तिला बाईंनी शिकवायचं असतं.

आपण काय विचारायचं?

1. कॉलेज कोणतं, सोबत शिक्षिका कोण आहेत? ओळखपत्र बघा.
2. माहिती कशासाठी हवी? पटलं नाही तर नको म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. न विचारता फोटो काढू देऊ नका. आधार क्रमांक, बँकेची माहिती, ओटीपी यांची या कामात गरजच नसते.
3. बाळाचं वजन, उंची, दंडघेर कागदावर लिहून मागा.
4. विद्यार्थिनींनी गोळी किंवा पावडर दिली तर घेऊ नका. ते त्यांचं काम नाही.
5. पाहणीत काय निघालं ते विहारात किंवा समाजमंदिरात येऊन सांगा, असं बाईंना आधीच म्हणा.

पिवळं निघालं तर अंगणवाडीताई किंवा आशाताईंना भेटा, मिळणारा आहार बाळालाच द्या. लाल निघालं तर थांबू नका. ताप असेल, बाळ खात-पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. गरज असेल तर तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

मुलींचं काम काही दिवसांनी संपतं, त्या परत जातात. अंगणवाडीतला वजनकाटा आणि पट्टी इथेच असते. दर महिन्याला बाळाला तिथे न्या, आणि आकडा स्वतः विचारून लिहून ठेवा.