जुना रेडिओ, संगणक आणि एफटी८

प्रश्न : जुन्या एचएफ रेडिओला संगणक जोडून एफटी८ वापरायचे असल्यास जोडणी कशी करावी?

उत्तर : जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या एफटी८ या हौशी रेडिओच्या डिजिटल पद्धतीत संगणक संदेशाचे सूर तयार करतो आणि रेडिओ ते प्रक्षेपित करतो. त्यासाठी तीन वाटा लागतात : रेडिओचा आवाज संगणकाकडे, संगणकाचा आवाज रेडिओकडे आणि प्रक्षेपण चालू-बंद करणारी पीटीटी.

अनेक नव्या रेडिओंत साउंडकार्ड आतच असते. एक यूएसबी केबल पुरते. जुन्या रेडिओच्या मागच्या डेटा सॉकेटला बाहेरचे साउंडकार्ड जोडावे. आवाजाच्या दोन्ही वाटांवर ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीवर ऑप्टोकपलर बसवल्यास दोन्ही उपकरणे विद्युतदृष्ट्या अलग राहतात आणि अर्थिंगमुळे येणारी गुणगुण थांबते.

रेडिओ अपर साइडबँडवर ठेवावा; २० मीटर बँडवर १४.०७४ मेगाहर्ट्झ लावावे. स्पीच कॉम्प्रेसर बंद हवा. संगणकाचा आवाज हळूहळू वाढवत न्यावा आणि एएलसीचा (पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलू लागताच थोडा मागे घ्यावा. आवाज जास्त झाला, तर सूर विकृत होऊन शेजारच्या केंद्रांना त्रास होतो. प्रक्षेपण जवळजवळ १३ सेकंद अखंड चालते, म्हणून शक्ती निम्म्यावर ठेवणे हिताचे.

संगणकाचे सूचनाध्वनी बंद करावेत. नाहीतर तेही हवेत जातात. शेवटी संगणकाचे घड्याळ : प्रक्षेपण-ग्रहणाच्या फेऱ्या १५ सेकंदांच्या असतात, म्हणून ते अचूक हवे. वेळ काही सेकंदांनी चुकली, तरी संदेश उलगडत नाहीत.