मेणाचे वजन आणि सोन्याचे वजन

ओतीव दागिन्यांचा व्यवहार आता लहान पेढ्यांवरही होऊ लागला आहे. त्या कामाची रीत आपण व्यापाऱ्यांनी समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ही विद्या नवी नव्हे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली नर्तिकेची मूर्ती याच रीतीने ओतलेली आहे. वडोदऱ्यानजीक अकोटा येथे १९५१ साली उजेडात आलेल्या जैन धातुमूर्तीही याच परंपरेतील होत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर मेणावरून धातूचे प्रमाणच सांगितले आहे : रुपे मेणाच्या बारा पट, सोने सोळा पट.

मेणाचा नमुना करावा, त्यावर मातीचा लेप द्यावा, तापवून मेण काढावे आणि रिकाम्या जागी धातुरस ओतावा, ही मूळ कृती. आज नमुना संगणकावर रेखाटतात. यंत्र तो मेणात किंवा रेझिनमध्ये थरावर थर देऊन उभा करते. असे अनेक नमुने एका दांड्यास जोडून झाड बांधतात. त्याभोवती मातीऐवजी सिलिकामिश्रित प्लास्टर ओतून ते भट्टीत सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात.

हिशेबाची चूक होते ती नमुन्याच्या वजनात. एक घन सेंटिमीटर मेण एक ग्रॅमहून किंचित कमी भरते. तेवढ्याच जागेत २२ कॅरट सोने सुमारे साडेसतरा ते अठरा ग्रॅम मावते. रेझिन मेणाहून जड असते. त्यास मेणाचाच गुणक लावला तर अंदाज फुगतो. शिवाय धातू निवताना आकसतो, आणि कानस व जिल्हई यांत आणखी घट येते.

आम्ही एकदा लग्नाच्या अंगठीचे वजन पडद्यावर पाहून नऊ ग्रॅम सांगितले. काट्यावर ती आठ ग्रॅम चारशे मिलिग्रॅम भरली. पैसे आम्ही काट्याप्रमाणेच घेतले. तथापि वधूपित्याच्या मुद्रेवरील शंका काही आम्हांस पुसता आली नाही. तेव्हापासून पडद्यावरील आकडा हा केवळ अंदाज, असे आम्ही प्रथमच लिहून देतो.

ओतकामात राहिलेली छिद्रे डाखाने बुजवून जिल्हईखाली झाकण्याचा मोहही टाळावा; असा नग पुन्हा वितळवावा हेच बरे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. तो कसाची साक्ष देतो. वजनाची व घडणीची साक्ष मात्र आपल्या पेढीलाच द्यावी लागते.