समुद्री मासा उपाशी का राहतो?

भोरची नीरा, वेल्ह्याची गुंजवणी गोड्या पाण्याच्या, समुद्र सह्याद्रीपलीकडे. पण समुद्री माशाचे जिवंत खाद्य इथेही तयार करता येते. त्याची गरज का पडते? खाऱ्या मत्स्यपात्रात नवा आलेला लहान मासा पुष्कळदा कोरड्या खाद्याला तोंड लावीत नाही. हा त्याचा हट्ट नव्हे. समुद्रात त्याचे भक्ष्य हालते. निश्चल कण त्याला अन्न वाटतच नाही. मग तो उपासमारीने मरू शकतो.

लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात आर्टेमियाची सुप्त अंडी घालून पंपाने हवा सोडा. २८ अंश सेल्सिअसला २४ ते ३६ तासांत पिल्ले निघतात. दिवा धरताच ती प्रकाशाकडे जमतात. गाळून, धुऊन ती लगेच माशाला द्या. पोटातील बलक संपला की त्यांचे पोषणमूल्य घटते. मासा खाऊ लागला, की थोडेथोडे कोरडे खाद्य मिसळत जा.